हात गळ्यात, फोन हातात

या महिन्यात हात मोडल्याचीच पत्रं जास्त आलीत. पावसाळा, शेवाळं, ओल्या फरश्या, दुसरं काय होणार. त्यातली तीन घेतेय. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय पण प्रश्नच तसा होता.

प्रश्न : ताई नमस्कार. मी साताऱ्याची, वय ५८, शाळेत शिकवायचे, आता रिटायर. मागच्या अंगणात शेवाळावरून पाय सटकला आणि उजव्या हातावर पडले, मनगटाशी हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले कोलीस फ्रॅक्चर आहे, ओढून बसवलं आणि प्लास्टर घातलं. हातातला फोनही तेव्हाच आपटला, काचेला तडे गेलेत पण चालतोय. आता सून कशाला हात लावू देत नाही, म्हणून दिवसभर डाव्या हाताने फोनवर वाचत असते. वाचता वाचता कुठून तरी त्या काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींवर आले, लहान लहान पोरं दगड वेचतात म्हणे आपल्या बॅटऱ्यांसाठी, मग दिल्लीत जुनी सर्किटं जाळतात ते वाचलं, मग डेटा सेंटरची वीज. आता तर रात्री झोपच लागत नाही. त्यात मुलगा म्हणतोय आई तुला नवीन फोन घेतो, दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं. मला तो घ्यावासा वाटत नाही आणि त्याला नाहीही म्हणवत नाही. सून म्हणते असलं वाचूच नका. हे पत्र फोनला बोलून लिहिलंय, तो प्लास्टरचं सारखं मास्तर करतोय, सांभाळून घ्या. हात पूर्वीसारखा कधी होईल, पोळ्या लाटता येतील ना, आणि फोनचं काय करू?

उत्तर : अहो बाई (शाळेतल्या आहात म्हणून बाईच म्हणते), आधी हात बघू, मग काँगो.

साधारण सहा आठवडे प्लास्टर असतं, पण प्लास्टर निघालं की हात मोकळा झाला असं काही होत नाही. निघेल तेव्हा हात बारीक, कोरडा, कडक आणि आपला नसल्यासारखा दिसेल, घाबरू नका, सगळ्यांचा तसाच दिसतो. पकडीत जोर यायला तीन ते सहा महिने धरा, काहींना जास्त लागतात. पोळ्या लाटाल, नक्की लाटाल, आधी पीठ मळणं नको, आधी छोटी पुरी लाटून बघायची. भरलेला कुकर एका हाताने उचलणं मात्र सगळ्यात शेवटी, आणि सून आहे ना, तिलाच उचलू दे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली, सून कशालाच हात लावू देत नाही ती. मायेने करतेय बिचारी, पण मनगट प्लास्टरमध्ये आहे, बोटं नाहीत. मी इतकी वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं त्यात मनगट जुळलं पण बोटं आणि खांदा आखडून बसले असे पेशंट रांगेने बघितलेत. तासातासाला बोटं पूर्ण उघडायची, पूर्ण मूठ मिटायची, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावायचा, कोपर वाकवायचं सरळ करायचं, आणि हात झोळीतून काढून सरळ डोक्यावर न्यायचा, दिवसातून बऱ्याच वेळा. बसताना हात उशीवर, छातीपेक्षा वर, म्हणजे सूज उतरते. अंगठ्या बांगड्या काढल्या नसतील तर आज काढा, निघत नसतील तर सोनाराकडे जाऊन कापून घ्या, सुजेत अंगठी रुतली की पंचाईत. बोटं निळी पांढरी पडली, बधिर झाली, मुंग्या थांबेनात किंवा प्लास्टरच्या आत न सोसणारी कळ यायला लागली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता का असेना, दवाखान्यात जायचं.

प्लास्टर निघाल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून हलवायचा आणि डॉक्टर हो म्हणाले की तळवा वर करायचा व्यायाम, देवळात तीर्थ घेताना होतो तसा. ही हालचाल सगळ्यात उशिरा येते आणि तिच्याशिवाय सुटे पैसे घेता येत नाहीत की तोंडावर पाणी मारता येत नाही. आणि एक, पन्नाशीनंतर उभ्याउभ्या पडून मनगट मोडलं की हाडं ठिसूळ झालीत का हे बघायला हवं, डेक्सा नावाची तपासणी असते, आणि व्हिटॅमिन डी. डॉक्टर घाईत असतील तर तुम्ही विचारा. आज मनगट मोडलं, पुढे खुबा मोडला तर ते जड जातं हो.

आता डावा अंगठा. दिवसभर एका हातात फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने सरकवत बसलात तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागेल आणि मग दोन्ही हात कामातून. फोन टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवा. वाचू नका हा सुनेचा सल्ला अर्धा बरोबर आहे एवढ्याचसाठी, आणि रात्री अंथरुणात नको. बाकी वाचा. खरं तेच वाचताय.

कोबाल्टचं खरंच तसं आहे. जगातलं सुमारे ७० टक्के कोबाल्ट एकट्या काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येतं, तेही मुख्यतः तिथल्या कोल्वेझी शहराच्या आजूबाजूच्या पट्ट्यातून. बरंचसं मोठ्या यांत्रिक खाणींतून निघतं पण एक भाग माणसं हातांनी खणून काढतात, अरुंद उभी विहीर खाली खाली नेत जायची, भिंतींना आधार नाही, डोक्यावर हेल्मेट नाही, वर काढलेला दगड बायका आणि पोरं पाण्यात धुऊन निवडतात आणि पोत्यात भरून रस्त्याकडेच्या खरेदीवाल्याला विकतात. २०१४ साली युनिसेफचा अंदाज होता की दक्षिण काँगोतल्या सगळ्या खाणी धरून ४०,००० च्या आसपास मुलं काम करतायत, बरीचशी कोबाल्टवर, आणि २०१६ मध्ये ॲम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेने अहवाल काढून हा माल पुढे कुठल्या कुठल्या कंपन्यांपर्यंत जातो ते मांडलं. गोम अशी की पोत्यातला माल आणि यंत्राने काढलेला माल पुढे कारखान्यात एकत्र होतो, शुद्धीकरण बहुतेक चीनमध्ये होतं, आणि एकदा वितळवून एक केलं की कुठला कण कुणी उपसला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तिथल्या काही कुटुंबांनी २०१९ मध्ये अमेरिकेत ॲपल, गूगल, डेल, मायक्रोसॉफ्ट, टेस्ला यांच्यावर केस केली, पोरं खाणीत मेली, पांगळी झाली म्हणून. ती कुटुंबं २०२४ मध्ये अपिलातही हरली. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की जागतिक बाजारातून माल विकत घेणं म्हणजे खाणवाल्याबरोबर एकत्र धंदा करणं होत नाही. कायद्याच्या भाषेत बरोबर असेलही बाई, मला मात्र पचलं नाही.

पण हे वाचून तुम्ही जो दोष स्वतःकडे घेऊन बसलाय ना, तो घेऊ नका. तुमच्या फोनच्या बॅटरीत कोबाल्ट असेल तर काही ग्रॅम, इलेक्ट्रिक गाडीत काही किलो असतं. आणि उद्या सगळ्यांनी काँगोचा माल घेणंच बंद केलं तर हाताने खणणाऱ्या माणसाच्या घरची चूलच विझेल, त्याला बहिष्कार नकोय, आधार दिलेला खड्डा, बरा भाव आणि पोरांना शाळा हवीय.

मला यावरून एक जुनी गोष्ट सांगायचीय कारण ती तुमच्या हाताशीच जोडलेली आहे. ज्या कोलीसच्या नावाचं तुमचं फ्रॅक्चर आहे तो डब्लिनचा सर्जन, अब्राहम कोलीस, त्याने १८१४ मध्ये या मोडण्याचं वर्णन लिहिलं तेव्हा एक्स-रे नव्हताच, नुसतं बाहेरून चाचपून लिहिलं. एक्स-रे आला १८९५ ला, तो शोधणाऱ्या राँटजेनने बायकोच्या हाताचाच फोटो काढला, बोटातल्या अंगठीसकट. मग सगळं जग वेडं झालं, जो तो मशीन बनवायला लागला, त्यात एडिसनही. त्याच्याकडे क्लेरेन्स डॅली नावाचा एक कारागीर होता, काचकाम करणारा. ट्यूब नीट चालतेय का बघायला तो आपला हातच तिच्यापुढे धरायचा, रोज. आधी कातडी भाजल्यासारखी झाली, मग व्रण भरेनात, डावा हात दुखायला लागला तर त्याने उजवा वापरला. शेवटी कॅन्सर पसरला, दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला, चाळिशीही झाली नव्हती. एडिसनने ते काम सोडूनच दिलं. असे कितीतरी डॉक्टर, तंत्रज्ञ, नर्स गेल्या, जर्मनीत हॅम्बुर्गला १९३६ साली त्यांच्या नावांचं स्मारक उभारलंय.

आणि आज तुमच्या मनगटाचा एक्स-रे काढला त्यात तुम्हाला जेवढं रेडिएशन मिळालं तेवढं नुसतं अंगणात बसून काही तासांत निसर्गाकडून मिळतं. आणि लोकांनी अपराधी वाटून एक्स-रे काढायचे सोडले म्हणून काही हे झालं नाही. शिशाचे पडदे आले, मात्रेच्या मर्यादा ठरल्या, तंत्रज्ञाच्या छातीला रेडिएशन मोजणारा बिल्ला लागला आणि कोण किती वेळ उभं राहणार याचे नियम झाले. त्यालाही वेळ लागला, माणसं गेली तेव्हा कुठे झालं. फरक एवढाच की डॅलीचा हात एडिसनच्या डोळ्यांसमोर सडत होता. कोल्वेझीचा खड्डा फोनच्या दुकानातून दिसत नाही, म्हणून नियम इतके रेंगाळतायत. तुम्ही वाचताय आणि झोप उडतेय ती निदान दिसायला तरी लागलंय म्हणून.

आता फोन घ्यायचा का. नका घेऊ. कंपन्यांचेच पर्यावरण अहवाल बघितले तर फोनमुळे होणाऱ्या कार्बनचा बहुतेक भाग तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, तुम्ही डबा उघडायच्या आधी, रोजच्या चार्जिंगचा वाटा किरकोळ. म्हणजे आहे तो फोन अजून दोनतीन वर्षं चालवणं हेच सगळ्यात मोठं काम, बाकी चार्जर काढून ठेवा वगैरे ठीक आहे. मुलाला सांगा फोन नको, स्क्रीन बदलून दे आणि बॅटरीही जुनी झाली असेल तर तीही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा भाव आधी विचारा, मग बाजारातल्या दुकानाचा, डिस्प्ले ओरिजिनल की कॉपी हे स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या, कॉपी स्वस्त असते पण उन्हात दिसत नाही आणि टच अडकतो. तोवर तड्यांवर टेप लावा, एका हाताने वापरताय, अंगठ्यात काच शिरायची.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका हं, कचऱ्यात चेंगरली की पेट घेते. दुकानदाराकडे सोडली तर तो ती कुठे देतो हे विचारा. २०२३ च्या एप्रिलपासून ई-कचऱ्याचे नवीन नियम लागू आहेत, बॅटरीचे वेगळे आहेत, पण दोन्हींत जुना माल नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे जाईल हे बघणं कंपनीची जबाबदारी आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला बिनधास्त विचारायचं. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला अशी नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. उरलेल्यातला बराचसा तुम्ही वाचलात तसल्या ठिकाणी जातो, आपल्याकडे दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद, तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्यासाठी सर्किटं ॲसिडात घालतात, बऱ्याचदा उघड्या हातांनी. भंगारवाल्याला दिलं म्हणजे वाईट केलं असंही नाही, तो पोट भरतोय, पण बॅटरी आणि बोर्ड तरी त्याला देऊ नका.

बाकी मुलाचा प्रेमाने फोन द्यायचा हट्ट आहे, तर तेच पैसे फिजिओच्या सिटिंगला लागतील म्हणावं. पोरांना आईसाठी काहीतरी खर्च केल्याशिवाय बरं वाटत नाही, करू दे की.

प्रश्न : मॅडम, मी हिंजवडीत आयटीत आहे, वय २९. बाईकवरून पडून फोरआर्मची दोन्ही हाडं मोडली, टायटॅनियमच्या प्लेटा बसवल्यात. सुट्टीत घरी बसून एआय किती पाणी आणि वीज खातं त्यावर वाचत होतो आणि गंमत म्हणजे ते वाचून समजून घ्यायलाही एआयलाच विचारत होतो. मग डोक्यात आलं की हातातली प्लेट पण कुठल्यातरी खाणीतूनच आलीय. असा विचार केला तर जगणंच अवघड. आणि प्लेटा काढाव्या लागतात का? बाईक कधी चालवू?

उत्तर : प्लेट त्रास देत नसेल तर बहुतेक वेळा मोठ्या माणसांत काढत नाहीत. काढलीच तर नंतर काही महिने हाड त्या स्क्रूच्या भोकांपाशी कच्चं असतं, तेव्हा हौस म्हणून काढू नकोस. बाईक सर्जनने एक्स-रे बघून हाड भरलंय म्हटल्यावरच, आणि तेव्हाही आधी उभ्या गाडीवर बसून ब्रेक करकचून दाबता येतो का बघ, दुखून हात सुटला तर अजून वेळ आहे. गिअर टाकता येतो म्हणून निघालेले पुन्हा माझ्याकडे येतात.

टायटॅनियमचं तुझं बरोबर आहे, ते येतं इल्मेनाइटमधून, काळी जड रेती असते, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे, केरळात कोल्लमजवळ चवरा आणि आलप्पाडच्या पट्ट्यात तर वर्षानुवर्षं ती उपसतायत. आलप्पाडच्या लोकांचं म्हणणं की रेती काढून काढून गावची जमीन समुद्रात गेली, २०१८-१९ मध्ये तिथे मोठं आंदोलन झालं. पण त्या खनिजातलं बहुतेक सगळं जातं कशात तर पांढऱ्या रंगात, भिंतींचा रंग, कागद, प्लॅस्टिक. इम्प्लांटला लागतं ते नखाएवढं. तुझ्या नवीन फ्लॅटच्या पांढऱ्या भिंतींवर शंका घे, हाताला सोड.

आणि एआय. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतः आकडा दिला की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या एका सर्वसाधारण लेखी प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे पाण्याचे चारपाच थेंब. कंपनीचाच आकडा आहे तेव्हा चिमूटभर मीठ टाकून घे, त्यात मॉडेल शिकवायला लागलेली वीज नाही आणि लांबलचक व्हिडिओ बनवायला सांगितलास तर हिशेब वेगळा. पण त्याच कंपनीने २०२४ मध्ये हेही सांगितलं की २०१९ पासून त्यांचं कार्बन उत्सर्जन ४८ टक्के वाढलं. एक प्रश्न थेंबाचा आणि बेरीज अशी, कारण विचारणारे किती आणि न विचारता प्रत्येक ॲपमध्ये घुसवलेलं एआय किती. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज घेतली, जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत ती दुपटीच्या वर जाईल. यातलं किती तुझ्या एका हाताने टाइप केलेल्या प्रश्नांनी होतंय? ऐरोली, रबाळे, महापे त्या पट्ट्यात रांगेने डेटा सेंटर उभी राहतायत, तिथे वीज कुठून येते, पाणी कुठलं वापरतात, पिण्याचं की सांडपाणी शुद्ध केलेलं, हा प्रश्न खरा विचारण्यासारखा. तू आयटीत आहेस, तुझी कंपनी सर्व्हर भाड्याने घेताना हे विचारते का? विचारून बघ ऑफिसला गेल्यावर. आणि माणसंही मोज रे, नुसतं पाणी नको. चॅटजीपीटीला घाणेरडा मजकूर ओळखायला शिकवण्यासाठी नैरोबीतली माणसं तासाला दोन डॉलरहून कमी पगारात ते भयंकर मजकूर वाचून त्यांना लेबलं लावत बसली होती, २०२३ च्या जानेवारीत टाइम मासिकाने छापलंय, त्यातल्या काहींना त्याचा मनावर फार त्रास झाला.

जगणं अवघड वगैरे काही नाही. हात बरा कर, सुट्टीत बोटांचे व्यायाम कर, कीबोर्ड नंतर.

प्रश्न : आईचं (वय ७१) मनगटाचं प्लास्टर निघालंय पण हात कडक आहे, सूज आहे. फिजिओ एका वेळचे पाचशे घेतो. एक ॲप फुकट व्यायाम दाखवतं आणि गावातले एक मालीशवाले काका म्हणतात तेल लावून रोज चोळून देतो, आठ दिवसांत हात मोकळा. काय करू?

उत्तर : फिजिओकडे निदान सुरुवातीला दोनतीनदा न्याच, हाताला हात लावून कोणीतरी बघायला हवं, मग त्याच्याकडूनच घरचे व्यायाम लिहून घ्या आणि पुढे पंधरा दिवसांनी एकदा दाखवा, असं म्हटलं तर बहुतेक जण ऐकतात. सरकारी रुग्णालयाच्या फिजिओ विभागातही चौकशी करा, तिथे फारच कमी पैसे लागतात. ॲप चालेल, फिजिओने सांगितलेले व्यायाम आठवायला म्हणून, पण मनगटाचे व्यायाम दाखवायला त्याला तुमचे कॉन्टॅक्ट आणि लोकेशन कशाला हवंय? नाही म्हणा, तरी चाललं तर वापरा, नाही चाललं तर काढून टाका, ते फुकट नव्हतंच. सूज खूप असेल, हात गरम लाल होत असेल, नुसता कपडा लागला तरी आग होत असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.

चोळून आणि ओढून हात मोकळा करायचा नाही, नुकतं जुळलेलं हाड आहे, सूज वाढेल आणि दुखलं की आई हात हलवायचीच बंद करतील. काकांना वाईट वाटू देऊ नका, तुमची पाठ दुखत असेल तर ती दाबून घ्या.